बाळंतपण माहेरी, रिपोर्ट सासरी

वाल्मीक ढोमसे पहिल्यांदा माझ्या दवाखान्यात शिरला तेव्हा मला वाटलं, हा कुल्फीवाला आत कशाला आला. बाहेर एम-ऐंशी गाडी उभी, तिच्या मागे लाल रंगाची लाकडी पेटी आणि पेटीत बर्फ. निफाडला तेव्हा असल्या पेटीत फक्त कुल्फी यायची. त्यानं झाकण उघडून दाखवलं, तर आत काचेच्या नळ्या, सिरिंजा आणि त्यांच्या शेजारी घरून आणलेला जेवणाचा डबा. रक्ताच्या नळ्यांशेजारी भाजी-भाकरी ठेवतोस, म्हणून मी त्याला चांगलंच झापलं. दुसऱ्या दिवशी डबा हँडलला लटकत होता. आमची ओळख अशी झापण्यापासून सुरू झाली आणि पुढची कितीतरी वर्षं तशीच चालली. मध्ये कधीतरी झापणारं माणूस तेवढं बदललं.

ही १९९३ सालची गोष्ट. मी निफाडमध्ये बाळंतपणाचा दवाखाना थाटून दोन वर्षं झाली होती आणि डोक्यात हवा भरपूर होती. वाल्मीकनं माझ्या समोरच्या गाळ्यात लॅब टाकली. बारावीत एकदा गटांगळी खाल्लेला, मग नाशिकला पंचवटीत अक्काबाई नावाच्या म्हातारीकडे खोली घेऊन लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेला. कोर्सच्या पहिल्याच दिवशी रक्त बघून आपल्याला भोवळ आली होती, हे तो येईल त्या पेशंटला आनंदानं सांगायचा. माझ्या मते धंदा बुडवायचा याहून सोपा उपाय नव्हता. पण बाया हसायच्या, आणि हसता हसता सुई कधी आत गेली ते त्यांना कापूस दाबायची वेळ आल्यावर कळायचं. इतका हलका हात मी पुढे मोठमोठ्या हॉस्पिटलांतही पाहिला नाही.

आता जरा अवघड भागाकडे येते. गरोदर बाईच्या तपासण्यांचा आमचा एक छापील फॉर्म होता. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, असं सगळं त्यावर. एचआयव्हीचं नाव मात्र त्यावर नव्हतं. ती तपासणी हवी असेल तर आम्ही डॉक्टर फॉर्मच्या कोपऱ्यात एक चांदणी काढायचो. लॅबवाल्याला ती समजायची, बाईला समजायची नाही, आणि समजू नये हाच तिचा उपयोग होता. चांदणी कुणाला काढायची याचं शास्त्र आम्हीच बनवलेलं. नवरा ट्रक चालवतो, चांदणी. बाई फार वाळलेली दिसते, चांदणी. मजुरीला बाहेरून आलेत, चांदणी. घर चांगलं, नवरा शर्ट खोचून आलेला, सासू मोटारीतून उतरलेली, तर चांदणी नाही. हे शास्त्र कुठल्या पुस्तकात होतं असं विचाराल, तर कुठल्याच नाही. आम्ही कॉलेजात असताना एड्सवर अर्ध्या तासाचं एक लेक्चर झालं होतं आणि त्यातली पंधरा मिनिटं प्रोजेक्टर बिघडला होता.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर काय करायचं, हेही ठरलेलं. बाईला म्हणायचं, तुझं रक्त फार कमी आहे, इथे जमणार नाही, नाशिकला मोठ्या दवाखान्यात जा. खरी गोष्ट नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या कानात घालायची. दिवस कमी असतील तर मूल पाडून घ्या म्हणायचं, कारण मूल तसंच होणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. मी हे सगळं केलं आहे. आणि वाल्मीकनंही दहा वर्षं निमूटपणे माझ्या चांदण्या वाचल्या आहेत, हे त्याच्याही नावावर मांडायला हवं.

२००३ साली नाशिकला एचआयव्हीवर दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पत्र डॉक्टरांना आलं होतं. मला वेळ नव्हता, म्हणून मी ते वाल्मीकला दिलं आणि जेवण चांगलं असतं म्हणून तो गेला. परत आला तो निराळाच माणूस. आमच्या तालुक्यातल्या डॉक्टरांची महिन्यातून एकदा बैठक व्हायची. त्यात अर्धा तास भाषण, मग जेवण. वाल्मीक त्यात खुर्च्या मांडायला असायचा. त्या महिन्यात भाषणाला ठरलेले डॉक्टर आलेच नाहीत, तर हा उभा राहिला आणि म्हणाला, एकच प्रश्न विचारतो. शंभर पॉझिटिव्ह बाया बाळंत झाल्या, तर किती बाळं पॉझिटिव्ह होतील?

कुणी नव्वद म्हणालं, कुणी ऐंशी. मी पहिल्या रांगेतून ठणकावून सांगितलं, शंभरच्या शंभर.

"काहीच केलं नाही तरी तीस-पस्तीस, मॅडम," तो म्हणाला. "आणि कळा सुरू झाल्यावर आईला एक गोळी आणि तीन दिवसांच्या आत बाळाला एक डोस दिला, तर त्याच्याही निम्म्यावर येतात. सिव्हिलला फुकट मिळतं."

माझा चेहरा मला दिसत नव्हता, पण कानशिलं तापलेली कळत होती. लॅबवाल्यानं लॅब बघावी, असं मी म्हणाले आणि सगळे सुटल्यासारखे हसले. वाल्मीकही हसला. मग त्यानं वाढायला घेतलं आणि माझ्या ताटात दोन गुलाबजाम जास्त टाकले. राग गिळायची त्याची ती पद्धत होती.

दुसऱ्या दिवसापासून माझे चांदणीवाले फॉर्म परत यायला लागले. पेन्सिलीनं खाली लिहिलेलं असायचं, बाईला विचारलंत का? मी भडकले. तालुक्यातले आणखी तीन डॉक्टर भडकले. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याचं काम काढून दुसऱ्या लॅबला दिलं. तीन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की नव्या लॅबमध्ये जाईल त्या बाईचं हिमोग्लोबिन दहाच येतंय. पांढरीफटक बाई, दहा. गालावर लाली असलेली बाई, दहा. शेवटी मीच रस्ता ओलांडून वाल्मीककडे गेले आणि म्हणाले, काय विचारायचंय ते तूच विचार, मला त्यात घेऊ नकोस. त्यानं लॅबमध्ये एक पडदा लावला. त्या पडद्याआड तो प्रत्येक बाईला, चांदणी असो नसो, साध्या शब्दांत सांगायचा की हा आजार काय आहे, तपासणी कशासाठी आहे आणि नको असेल तर नको म्हण. माझा अंदाज होता की सगळ्या पळून जातील. शंभरातल्या चारपाच नको म्हणायच्या. बाकीच्या म्हणायच्या, बाळासाठी असेल तर करा की.

तृप्ती भोये त्या पडद्याआडून गेलेली. साल २००४, दिवाळी होऊन गेलेली, तिचा सातवा महिना संपत आलेला. पहिलटकरीण, वय एकवीस, बारावी शिकलेली. नवरा मनोज तहसील कचेरीत कारकून. दोघंही मूळचे सुरगाण्याकडच्या डोंगरातले. मनोजचा शर्ट खोचलेला होता, बोलणं अदबशीर होतं, तेव्हा माझ्या शास्त्राप्रमाणे फॉर्मवर चांदणी नव्हती.

पाच दिवसांनी वाल्मीक रस्ता ओलांडून आला आणि दार लोटून घेतलं. तृप्तीचा फॉर्म त्यानं माझ्यापुढे ठेवला, तेव्हाच मला काय ते कळलं. एका किटवर पॉझिटिव्ह आलं म्हणून त्यानं नाशिकहून दुसऱ्या दोन कंपन्यांचे किट आणून पुन्हा केलं होतं. तिन्हींवर तेच. मी सवयीनं फोनकडे हात नेला, मनोजला कचेरीतून बोलावून घ्यायला. वाल्मीकनं फोनवर हात ठेवला.

"मॅडम, रिपोर्ट तिचा आहे. आधी तिला."

मग तिलाच बोलाव, मी म्हणाले. तर ती निफाडात नव्हतीच. आदल्या दिवशी तिची आई येऊन तिला बाळंतपणाला घेऊन गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय आम्हाला नवं होतं? दर वर्षी माझ्याकडे तपासलेल्या निम्म्या पहिलटकरणी सातव्यात, आठव्यात दुसऱ्या तालुक्यात जायच्या आणि दुसऱ्या तालुक्यातल्या माझ्याकडे यायच्या, कोऱ्या पाट्या होऊन. इकडची फाइल इकडेच राहायची. आणि आम्ही शहाण्यांनी फॉर्मवर नवऱ्याचं नाव, नवऱ्याची नोकरी, नवऱ्याचा पत्ता असं सगळं छापलं होतं. बाई बाळंत कुठे होणार, हा प्रश्न तेरा वर्षांत एकाही डॉक्टरला सुचला नव्हता. तृप्ती सुरगाण्याच्या कुठल्या पाड्यावर गेली ते आमच्या कागदावर नव्हतं, आणि तिथे तिची सुटका सुईण करणार होती. सुईणीकडे ती गोळी कुठून असणार.

पत्ता वाल्मीकनं काढला. कचेरीत जाऊन मनोजला म्हणाला, मॅडम आदिवासी भागात तपासणी शिबिर घेणार आहेत, तुमच्या सासुरवाडीला घेतलं तर चालेल का? मनोजनं नकाशाच काढून दिला, वर सासऱ्याच्या नावानं चिठ्ठी. खोटं बोलून झालं म्हटल्यावर ते खरं करणं भाग होतं. रविवारी माझ्या मारुतीत लाल पेटी ठेवून आम्ही पिंपळगाव, वणी, बोरगाव असे निघालो. सुरगाण्याच्या पुढे मारुतीनं मान टाकली, तेव्हा ती एका दुकानासमोर सोडून जीपमध्ये बसलो. त्या जीपमध्ये मी एकूण एकवीस माणसं मोजली, त्यातली दोन टपावर होती आणि वाल्मीकची पेटी माझ्या मांडीवर.

पाड्यावर भातकापणी चालू होती. तृप्तीच्या आईनं, लंकाबाईनं, आम्हाला अंगणात बाज टाकून दिली आणि अर्ध्या तासात सगळा पाडा अंगणात जमला. नाशिककडची डॉक्टरीण आली म्हटल्यावर कोण घरी बसतं. तृप्ती दाराशी उभी होती, तिच्या दोन्ही बाजूंना चुलत्या, पाठीमागे आजी, पुढ्यात शेजारणी. दवाखान्यात मी दार लावून घ्यायची. इथे दारच काय, आडोसाही नव्हता. खरं सांगायचं तर थोडं बरंच वाटलं, की चला, आज काही सांगता येत नाही.

वाल्मीकनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन पेटी उघडली. रक्तगट तपासून मिळेल, म्हणाला, फुकट, चिठ्ठीवर लिहून. बोटाला जरा टोचायचं, दरवेळी नवी सुई, पाहा. पहिले पुंजाराम नावाचे म्हातारे बसले. त्यांचा बी आला. हा चांगला का, असं त्यांनी विचारलं. एकदम सरपंचाचा, वाल्मीक म्हणाला. मग विचारता सोय नाही. चुलत्या गेल्या, शेजारणी गेल्या, आजीला दोघींनी धरून नेलं. सरपंचाचा गट निघेना म्हणून एक जण पुन्हा रांगेत उभा राहिला. लंकाबाई ओरडून सांगत होती, "माझा पण बघजा वं, लय दिवस झालं अंग दुखतंय." त्या गलक्यात मी तृप्तीचा हात धरून तिला घरामागे नेलं, भाताच्या पेंढ्या रचल्या होत्या तिथे.

तिथे बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण आजवर एकाही बाईला हे स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं नाही. नवऱ्यांना सांगितलं, सासऱ्यांना सांगितलं, एकदा एका गावच्या पोलीस पाटलालासुद्धा. बाईला कधीच नाही. मी लोहाच्या गोळ्यांबद्दल बोलत सुटले. नागली खा, नागलीत लोह असतं. पाच मिनिटं तरी मी नागलीची, म्हणजे नाचणीची, स्तुती केली असेल.

"मॅडम," तृप्ती म्हणाली, "नागली खा सांगायला तुम्ही एवढ्या लांब नाही आल्या."

मग मी सांगितलं. शब्द वाल्मीकचेच वापरले, कारण माझ्याकडे माझे नव्हते. ती रडली नाही. पेंढीतली एक काडी काढून तिचे तुकडे करत राहिली. मनोजला माहीत आहे का, विचारलं. नाही म्हटल्यावर मान हलवली. मग पोटावर हात ठेवून विचारलं, ह्याला होईल का. मी त्या गोळीबद्दल सांगितलं, आकडे सांगितले, खात्री देता येत नाही हेही सांगितलं.

"इथून जीप सकाळी एक आणि दुपारी एक," ती म्हणाली. "कळा जीप बघून येणार नाहीत. मला नाशिकलाच राहावं लागंल."

मी थक्क झाले. आम्ही दोघं येताना वाटभर ज्यावर डोकं खाजवत होतो, ते तिनं काडी संपायच्या आत सोडवलं होतं. आईला आपणच सांगणार, मनोजलाही आपणच, तोवर तुम्ही कुणाला काही बोलायचं नाही, असं तिनं मला बजावलं. मी हो म्हणाले. कुणा पेशंटनं मला असं बजावलेलं ते पहिलंच.

डिसेंबरअखेर तृप्ती आणि लंकाबाई पंचवटीत अक्काबाईकडे राहायला आल्या. खोली वाल्मीकनंच मिळवून दिली. लंकाबाईनं येताना नागलीचं पीठ आणि तांदळाचं अर्धं पोतं आणलं होतं, कारण शहरातल्या तांदळाला वास नसतो असं तिचं ठाम मत होतं. आठवड्याभरात तिनं भाजीबाजारातल्या बायकांना वांगी कशी निवडावी ते शिकवायला घेतलं. लेकीनं तिला आजार सांगितला तेव्हा तिनं एवढंच विचारलं, की जेवण वेगळं शिजवायचं का. नाही, असं कळल्यावर म्हणाली, मग झालं तर. मनोजचं तसं सोपं गेलं नाही. तो ऐकून उठून गेला आणि महिनाभर फिरकला नाही. नंतर आला तो स्वतःचा रिपोर्ट हातात घेऊन, वाल्मीककडून काढलेला. तो काय होता हे वाल्मीकनं मला कधी सांगितलं नाही. मी दोनदा विचारून पाहिलं आणि दोन्ही वेळा झापून घेतलं.

जानेवारीच्या शेवटी, सकाळी पालक निवडताना तृप्तीला कळा सुरू झाल्या. रिक्षानं दहा मिनिटांत सिव्हिल. गोळी वेळेत पोटात गेली. मुलगा झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडात औषधाचे थेंब पडले. त्याचं नाव रोहित ठेवलं. मी बघायला गेले तेव्हा लंकाबाई वॉर्डातल्या सगळ्यांना त्याचं नाक कुणावर गेलंय ते पटवत होती.

आणि मग वाट बघणं. नऊ महिन्यांचा झाल्यावर मला राहवेना. करून टाक रे तपासणी, म्हणून मी वाल्मीकच्या मागे लागले. तो म्हणाला, मॅडम, आईच्या रक्तातली प्रतिपिंडं बाळात दीड वर्ष राहतात आणि आपली तपासणी तीच पकडते, आत्ता केली तर उगाच पॉझिटिव्ह दिसेल आणि ती पोरगी हाय खाईल. हे मला माहीत असायला हवं होतं. दीड वर्षात त्या पोराला चार वेळा सर्दी झाली आणि चारही वेळा तृप्ती धावत माझ्याकडे आली. ती काही विचारायची नाही. मी त्याची छाती तपासताना नुसती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायची. तिच्याइतकी भीती मलाही वाटायची, फक्त मी स्टेथास्कोपमागे लपू शकत होते.

२००६ च्या जुलैअखेर ती रोहितला घेऊन वाल्मीकच्या लॅबमध्ये आली. पोरगं दुडुदुडु चालत पेटीवर चढायला बघत होतं. वाल्मीकनं त्याचं रक्त घेतलं आणि पंधरा मिनिटं किटवरून नजर हलवली नाही. मग दुसऱ्या किटवर केलं, मग तिसऱ्या. कागद लिहून तृप्तीच्या हातात दिला, मला आधी दाखवला नाही. निगेटिव्ह. तिनं तो वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. वाल्मीक पेन शोधायच्या निमित्तानं टेबलाखाली वाकला आणि बराच वेळ वर आला नाही. मी उघड उघड रडले. मला लपवता येत नाही.

तृप्ती मात्र शांत बसली होती. रोहितला मांडीवर घेऊन त्याच्या बोटावरचा कापूस दाबत होती.

"मॅडम, माझ्याआधी तुमच्याकडे अशा किती आल्या?"

"सात," मी म्हणाले. आकडा मला पाठ होता.

"त्यांना सांगायला कोण गेलं?"

खोटं बोलायला मला वेळ होता, पण तिच्याशी बोलवेना. कुणीच नाही, म्हणाले. रक्त कमी आहे असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. कापूस काढून तिनं रक्त थांबलंय का ते पाहिलं.

"म्हणजे त्यांना अजून ठाऊकच नसंल," ती म्हणाली. "कधी जायचं?"

टेबलाखालून आवाज आला, की सोमवारी लॅब बंद असते. मग वाल्मीक वर आला आणि त्यानं नियम सांगितले. आत फक्त मी जायचं आणि बाईशी एकटीशी बोलायचं. तृप्तीनं गाडीत बसायचं, बाईनं स्वतःहून हाच आजार असलेल्या दुसऱ्या कुणाला भेटायचं म्हटलं तरच उतरायचं. मी मान डोलावली आणि दवाखान्यात जाऊन जुन्या फायली काढल्या. सातही सापडल्या, पत्त्यांसकट.

सोमवारी सकाळी मी गाडी काढली. पहिलं घर माझ्या दवाखान्यापासून चार किलोमीटरवर होतं.